‘करमत नाही’ : गाण्यातलं दुःख आणि मनाचं दुखणं

आरोग्याच्या पानावर गाण्यांचं काय काम, असं काही वाचकांना वाटेल. या पानावर आपण रक्त कमी असणं, साखर, बीपी, पाळी, टीबी यांवर बोलतो. पण वस्त्यांवर तपासणी करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बाई येते आणि सांगते, डोकं जड पडलंय, छातीत धडधडतंय, हातपाय गळून गेलेत, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. बीपी बरोबर निघतो, साखर बरोबर निघते. हिमोग्लोबिन थोडं कमी असतं, पण एवढं गळून जाण्याइतकं नाही. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, हट्टाने मागून घेतलेलं एखादं सलाइन, असं करून ती जाते आणि पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत येते. मग उठता उठता, पदर सारखा करत हळूच म्हणते, “सिस्टर, करमतच नाही बघा.” खरी तक्रार ही असते, आणि ती केसपेपरवर कुणी लिहीत नाही.

‘एकटेपणा’, ‘नैराश्य’ हे शब्द आपल्या वस्तीत कुणी स्वतःबद्दल वापरत नाही. ते पेपरातले शब्द. आपल्याकडे म्हणतात करमत नाही, जिवाला घोर लागलाय, मन उडालं, जीव नको झालाय. हे सगळे एकच नाहीत. ‘करमत नाही’ म्हणजे माणसाची उणीव. ‘घोर’ म्हणजे काळजी, मुलीच्या लग्नाची किंवा मुकादमाच्या न फिटलेल्या उचलीची. ‘मन उडालं’ म्हणजे ज्या गोष्टीत आधी जीव रमायचा तिच्यातही आता रमत नाही. आणि ‘जीव नको झालाय’ हे बोलायची पद्धत आहे म्हणून कधीही सोडून देऊ नये.

जी एवढंही बोलत नाही ती गुणगुणते. म्हणून गाणी.

आपल्या आज्या-पणज्यांना दुःख बोलायला एक ठरलेली जागा होती, पहाटेचं जातं. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरायच्या. एकीने ओवी धरली की दुसरी ती उचलायची. सासूचा जाच, नवऱ्याचा मार, हातातून गेलेलं लेकरू, वाट बघूनही न येणारा भाऊ, हे सगळं जात्याच्या घरघरीत म्हटलं जायचं. हेच उघड बोललं असतं तर मार बसला असता. ओवीत म्हटलं की ती फक्त ओवी असायची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी एक हजाराहून जास्त गावांतून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या आता ‘पारी’च्या संग्रहात मोबाइलवरही ऐकायला मिळतात. गोदावरीपलीकडे बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली आपल्या बायकांनी म्हटलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यात आहेत. त्यांत भीम कधी भाऊ होतो, कधी बाप. जिला माहेर राहिलं नाही तिला तिथे माहेर मिळालं.

जातं गेलं ते बरंच झालं, हे मी स्पष्ट सांगते. पहाटे तीनला उठून, पोटुशी असतानाही दळणाऱ्या बायांच्या कमरा आणि खांदे कायमचे गेले. ते दिवस परत यावेत असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून बघावी. पण जात्याबरोबर समोर बसणारी दुसरी बाईही गेली. गिरणीवर डबा ठेवायचा, नंबर लावायचा, घरी यायचं. दुःख तेवढंच राहिलं आणि ते ऐकणारी मात्र उठून गेली.

जुन्या ओव्यांत अन् आजच्या पिक्चरच्या रडक्या गाण्यांत एक शब्द सारखा येतो, नशीब. आंबेडकरी जलशांनी तो शब्द काढून टाकला. भीमराव कर्डक, पुढे वामनदादा कर्डक यांच्यासारख्या कवींनी गाण्यात दुःख कमी केलं नाही, पण दुःखाचं कारण जागेवर आणलं. जात, सावकारी, अडाणीपण, दारू. तब्येतीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. ‘माझ्याच नशिबी आहे, यात काही बदलायचं नाही’ असं ठाम वाटायला लागणं हे नैराश्याच्या आजाराचं एक लक्षणच असतं. दिवसभर कानात तेच सांगणारं गाणं चालू असेल तर त्या विचाराला खतपाणी मिळतं. ज्या गाण्यात कारण सांगितलेलं असतं त्यात निदान हात घालायला जागा असते.

आता जरा अवघड बोलते. ७ फेब्रुवारीला रमाई जयंती असते, २७ मे रोजी स्मृतिदिन. दोन्ही दिवशी वस्तीत रमाईची गाणी लागतात. त्यांत गोवऱ्या येतात, ठिगळाचं लुगडं येतं, सातासमुद्रापार गेलेल्या साहेबांची वाट येते, एकामागून एक गेलेली लेकरं येतात. बाया पदर डोळ्याला लावतात. ते रडणं चांगलं आहे. बऱ्याच जणी त्या दिवशी रमाईच्या नावाने स्वतःचं रडून घेतात, आणि चारचौघींत रडायला मिळतं हेही औषधच. अडचण दुसऱ्या दिवशी सुरू होते. तीच बाई घरात म्हणते की झोप लागत नाही, काही गोड लागत नाही, आणि घरातलं माणूस म्हणतं, “रमाईने एवढं सोसलं, तुला काय धाड भरली?” हे वाक्य मी परतूर, मंठा, बदनापूर, कुठल्याही तालुक्यात ऐकलं आहे. पुरुषांकडून ऐकलं, सासवांकडून ऐकलं, आणि वाईट वाटतं ते याचं की खुद्द त्या बायांच्या तोंडूनही ऐकलं. “रमाईपुढे माझं काय दुःख, सिस्टर,” असं म्हणून बाई गप्प बसते आणि आजार वाढवून घेते.

रमाईचं खरं आयुष्य काय सांगतं? जन्म १८९८ चा. आईवडील लहानपणीच गेले. १९२० ते १९२३ बाबासाहेब लंडनला शिकत होते, तेव्हा त्या परळच्या चाळीत संसार ओढत होत्या. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न ही चार मुलं गेली, यशवंत तेवढे राहिले. राजरत्न १९२६ साली गेला. त्यानंतर ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहून आपण आणि रमाबाई या धक्क्यातून सावरू शकत नाही, हे मोकळेपणाने कळवलं. लक्षात घ्या, एवढ्या खंबीर माणसाने दुःख लपवलं नाही, मित्राला सांगितलं. आणि १९४० मध्ये ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण करताना त्या दिवसांचं वर्णन त्यांनी ज्या शब्दांत केलं, त्यांत गरिबी अन् काळजीबरोबर मित्र नसणंही आहे. दोघांच्या वाट्याला आलेला एकटेपणा त्यांनी छापून ठेवला.

मग रमाईने कुणाला सांगितलं असेल? आपली गाणी हा प्रश्न विचारतच नाहीत. त्यांत रमाई नेहमी एकटी, मुकी, सोसणारी. खरं तर त्या घरात त्यांच्या जाऊ लक्ष्मीबाईही होत्या, बाबासाहेबांचे भाऊ आनंदराव यांच्या विधवा पत्नी. दोन जावा, दोघींचीही माणसं गेलेली, एका घरात. त्यांचं आपसात काय बोलणं झालं असेल यावर कुणी कवी लिहील तर मी ते गाणं प्रत्येक वस्तीत लावीन. रमाईला सोसावं लागलं ते गरिबीमुळे, उपचारांच्या वानवेमुळे आणि जातीमुळे. ती काही परीक्षा नव्हती, अन् आपल्या सुनांनी तिच्यात पास व्हायचं असंही नाही. रमाई १९३५ साली दीर्घ आजारानंतर गेल्या तेव्हा सदतीस वर्षांच्या होत्या. या वयाच्या बाईला आज आपण तपासणीला नेलं पाहिजे.

असाच गैरवापर विहारातही होतो. घरात कुणी गेलं की आपल्या म्हाताऱ्या बाया हेल काढून रडतात. गेलेल्या माणसाचे गुण, त्याच्या सवयी, शेवटचं बोलणं, सगळं त्या रडण्यात सुरावर येतं. हेही गाणंच आहे. आता काही ठिकाणी शिकलेली मंडळी त्यांना गप्प करतात. आपण बौद्ध आहोत, सगळं अनित्य आहे, रडू नका. जलदान विधी, पुण्यानुमोदन नीट पार पडतं, भाषणं होतात, आणि ज्या आईचं लेकरू गेलं ती कोपऱ्यात कोरड्या डोळ्यांनी बसलेली असते.

तथागतांनी किसा गोतमीला ‘रडू नको’ म्हटलं नव्हतं. मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या आईला त्यांनी, ज्या घरात कुणीच मेलं नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितली. आपण या कथेचा शेवट तेवढा सांगतो, मरण कुणाला चुकलं नाही म्हणून. नर्स म्हणून मला मधला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ती घरोघर गेली. प्रत्येक दारात तिने आपलं मूल दाखवलं असणार, आणि प्रत्येक घराने आपलं गेलेलं माणूस तिला सांगितलं असणार. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाचं दुःख तिने ऐकलं आणि गावाने तिचं. मग तिने मूल खाली ठेवलं.

त्रिपिटकातल्या थेरीगाथेत भिक्खुणींच्या ७३ रचना आहेत, आणि त्यांत अशा दुःखाच्या बऱ्याच. उब्बिरी लेकीसाठी स्मशानात रडते. पटाचाराचा नवरा, दोन मुलं, आईवडील, भाऊ, सगळे गेले आणि तिला अंगावरच्या कपड्याचंही भान राहिलं नाही. आजच्या भाषेत हा मनाचा गंभीर आजारच. तथागतांनी तिला ‘भगिनी’ म्हणून हाक मारली, कुणीतरी अंगावर वस्त्र टाकलं. पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. बरी झाल्यावर पटाचाराकडे मुलं गमावलेल्या बाया येऊ लागल्या, आणि त्यांना सावरायचं काम तिने केलं. थेरीगाथेत त्या बायांचंही मनोगत आहे. म्हणजे समुपदेशन हा परदेशी प्रकार आहे असं म्हणणाऱ्यांनी आधी आपला ग्रंथ उघडावा. झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून दवाखान्याबाहेरच्या बाकावर गावातल्या आज्यांना बसवलं, थोडं प्रशिक्षण दिलं, आणि ‘फार विचार येतात’ म्हणणाऱ्या लोकांशी बोलायला लावलं. लोक बरे झाले, आणि तपासणीतून ते सिद्धही झालं. आपल्या शेजारी गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांतून साध्या प्रशिक्षित माणसांनी सहा ते आठ भेटींत असंच काम करून दाखवलं. डिग्रीवाल्याची वाट बघत बसायची गरज नाही, हा त्यातला माझ्या कामाचा भाग.

पुरुषांचं वेगळं आहे. घनसावंगी, अंबड, मंठा, परतूर भागातून दिवाळीच्या आसपास टोळ्या ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. गावात राहतात म्हातारे आणि शाळेतली पोरं. कोपीवर रात्री थकून पडल्यावर मोबाइलवर एकच रडकं गाणं पाच-सहा वेळा वाजतं, सोबत बाटली. जालन्याच्या स्टील कारखान्यांत खोली करून राहणाऱ्या किंवा पुण्याला गेलेल्या पोरांचंही तसंच, फक्त गाणं कानात असतं त्यामुळे शेजारच्यालाही कळत नाही. स्टेटसला दुःखी गाणं ठेवलं की मित्र हसण्याची खूण पाठवतात आणि विषय संपतो.

दुःखी गाणं ऐकणं वाईट नाही, हे पुन्हा सांगते. बर्लिनच्या संशोधकांनी २०१४ साली ७७२ जणांना विचारलं तेव्हा बहुतेकांनी अशा गाण्यांनी जुन्या आठवणी येतात, धीर येतो, हलकं वाटतं असंच सांगितलं. पण ज्याला मनात तेच ते घोळवत राहायची सवय लागली आहे त्याला एकट्याने ऐकलेलं तेच गाणं आणखी खाली नेतं. फरक ओळखायला सोपा आहे. गाणं संपल्यावर माणूस उठून कामाला लागतो, कुणाशी बोलतो, की पुन्हा तेच लावतो आणि जेवायलाही येत नाही?

आणि गाणाऱ्याचं काय? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट तिथूनच सुरू होतो. काही जण या मरणाला बलिदान म्हणतात. मी म्हणणार नाही. एवढा गळा, एवढी समज असलेला माणूस आपल्यातून गेला, हे नुकसान आहे, आणि त्याला बलिदान म्हटलं की तशाच दुःखात असलेल्या पोराला चुकीचा रस्ता दिसतो. समाजाचं दुःख गळ्यातून काढणाऱ्या शाहिरांना, गायिकांना आपण हार घालतो, मानधन देतो, कधी तेही देत नाही. कार्यक्रम संपल्यावर रात्री त्यांच्याजवळ कोण असतं, हे विचारायला हवं. मोठ्या घटनेनंतरच्या आठवड्यात तर नक्कीच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांत एकाला एकटेपणाचा त्रास आहे असं सांगितलं, आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला. म्हणजे हे लाडाचं दुखणं नव्हे.

आपल्या घरात, गल्लीत कुणाचं गाणं बदललेलं दिसलं तर दोन प्रश्न विचारा. जगभर दवाखान्यांत हेच विचारतात, मी ते आपल्या बोलीत सांगते. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस काही करावंसं वाटत नाही, कशात मन रमत नाही, असं झालंय का? आणि बहुतेक दिवस उदास, खचल्यासारखं, काही चांगलं होणारच नाही असं वाटतंय का? एकाचंही उत्तर हो आलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात न्या. तिथे थायरॉइड, रक्त, बी-१२ हेही तपासून घ्यायला सांगा, कारण त्यांच्या कमतरतेतही माणूस असाच गळून जातो. बाळंतिणीला पहिले काही दिवस रडू येणं नेहमीचं, पण दोन आठवडे उलटूनही थांबलं नाही तर ‘बाहेरचं’ बघायला नेऊ नका, दवाखान्यात न्या. गोळ्या सुरू झाल्या तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. त्या झोपेच्या गोळ्या नव्हेत, आणि त्यांचं व्यसनही लागत नाही.

तिसरा प्रश्न विचारायला लोक घाबरतात : जीव द्यावा असं मनात येतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट विचारलं की माणूस बोलतो. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, फवारणीची औषधं घरातून हलवा किंवा कुलपात टाका, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन लावा. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्रीही चालू असतो. शेतकरी कुटुंबांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आहे, त्यासाठी आशाताईंना विचारा किंवा १०४ वर फोन करा. काही घडलंच तर १०८ बोलवा, पोलिसांच्या भीतीने घरी थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे.

विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास बायांनी थांबावं असं मी सुचवते. भाषण नको, माइक नको. जिला जे गाणं आठवतं ते तिने म्हणावं, ओवी, पाळणा, भीमगीत, पिक्चरचं, काहीही, आणि ते कुठे शिकली, कुणाबरोबर म्हणायची एवढं सांगावं. जात्यावर बसलेल्या बाया आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि ऊसतोडीच्या दिवसांत त्याच गावात एकट्या असतात. पोरींनी त्यांच्याकडे जाऊन ओव्या मोबाइलवर उतरवून घ्याव्यात, नाव, गाव, वय लिहून ठेवावं. जाताना वरचे दोन प्रश्न त्यांनाही विचारावेत. आणि त्यांच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात का, तेही डबी उघडून बघावं.